पालवी फुटेपर्यंत

एका माळावर एक विद्यापीठ होतं आणि त्या विद्यापीठाच्या बागेत एक भोळा माळी होता. त्याचं नाव हैबती. नाव ऐकून माणूस दचकायचा आणि हैबतीला पाहिलं की त्याच्या हातावर लाडू ठेवावासा वाटायचा.

हैबती कामचुकार नव्हता. असता तर बरं झालं असतं. सांगितलेलं काम तो सांगितल्याबरहुकूम करायचा आणि एकदा शिकवलेली गोष्ट जन्मात विसरायचा नाही.

तो रोजंदारीवर होता. बोरवंडच्या त्या विद्यापीठात रोजंदारीवर लागणं सोपं होतं, कायम होणं अवघड होतं. बागेतले बाकीचे माळी रोजंदारीवरच लागले, रोजंदारीवरच म्हातारे झाले आणि त्याबद्दल कुणाला काही वाटलंही नाही. हैबतीला मात्र कायम होण्याची घाई होती. घाईचं नाव शेवंता. ती विद्यापीठाच्या मेसमध्ये पोळ्या लाटायची.

"आबा काय म्हणाले?" हैबतीने विचारलं.

"आबा म्हणाले, पोरगा कायम झाला की दुसऱ्या दिवशी साखरपुडा. पाडव्यापर्यंत नाही झाला तर मामाच्या पोराला हो म्हणायचं."

"मामाचा पोरगा कसा आहे?"

"तुझ्यापेक्षा शहाणा आहे."

"मग तर अवघड आहे," हैबती म्हणाला.

"कुणासाठी?" शेवंता म्हणाली आणि लाटणं आपटून पुढच्या पोळीला लागली.

फाल्गुन सरत आला होता. विद्यापीठात 'वसंत हरित महोत्सव' भरणार होता. विद्यापीठ निसर्गाला किती जपतं, हे सगळ्या जगाला दाखवायचं होतं. त्यासाठी मंडपाच्या आड येणारी चार मोठी झाडं आधी तोडण्यात आली. मग फाटकावर दोन मजली उंचीचा प्लास्टिकचा फलक चढला. त्यावर लिहिलं होतं: 'प्लास्टिक टाळा.'

बागेचे अधीक्षक वाघुळदे साहेब. त्यांनी हैबतीला बोलावून घेतलं.

"हैबती, महोत्सव सुरळीत पार पडला तर तुझ्या कायम होण्याचं मी स्वतः बघतो. काही गडबड झाली तर पुन्हा फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही. समजलं?"

"समजलं साहेब. काम सांगा."

"मोठ्या रस्त्यावर पानगळ चालू आहे. उद्यापासून त्या रस्त्यावर मला एकही पान पडलेलं दिसता कामा नये."

"कळलं साहेब," हैबती म्हणाला.

त्याने रस्ता झाडला. मागे वळून पाहिलं तर पानं पडलेली. पुन्हा झाडला. पुन्हा पडली. हैबती खाली बसला आणि त्याने विचार केला. विचार त्याला लवकर यायचा, तीच अडचण होती. त्याने शिडी आणली.

सकाळी वाघुळदे साहेब आले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची करंजाची झाडं उघडीबोडकी उभी होती. वाळलेलं पान नव्हतं, पिकलेलं नव्हतं, नुकती फुटलेली कोवळी पालवीसुद्धा नव्हती. एका ओक्याबोक्या फांदीवर कावळा बसला होता आणि चुकीच्या गावात आल्यासारखा इकडेतिकडे बघत होता.

"हे काय केलंस?"

"आता एक पान पडायचं नाही साहेब. पुढच्या महिन्यातलंही नाही."

वाघुळदे साहेबांनी डोकं धरलं. "अरे गाढवा, झाडावर जे असेल ते झाडावर राहू द्यायचं असतं! काढायचं नाही, पाडायचं नाही, कुणी काढू लागलं तर त्यालाही काढू द्यायचं नाही. डोक्यात शिरलं?"

"कळलं साहेब. आता चूक व्हायची नाही."

आणि त्याला खरंच कळलं होतं. साहेबांनी त्याला त्याच क्षणी हाकलायला हवं होतं. पण बाकीच्या सगळ्या माळ्यांना कुलसचिवांनी मंडपात खुर्च्या पुसायला बसवलं होतं. बागेत उरला होता एकटा हैबती.

दुसऱ्या दिवशी वनस्पतिशास्त्राचे डॉक्टर गोविलकर पळसावर चढले. महोत्सवात विद्यार्थ्यांना पळसफुलांपासून रंग करून दाखवायचा होता. गोविलकरांनी पळसावर मोठं पुस्तक लिहिलं होतं, पण पळसावर चढले होते ते पहिल्यांदाच. पिशवी भरली. मग त्यांनी खाली पाहिलं आणि फांदी घट्ट धरली. शिडी पायाला लागेना.

हैबती तिथून चालला होता.

"अहो माळीबुवा! जरा ती शिडी इकडे सरकवा. मला खाली घ्या."

हैबती थांबला. "तुम्ही झाडावर आहात काय?"

"दिसत नाही का?"

"दिसतंय ना. म्हणूनच नाही घेत."

त्याने शिडी खांद्यावर टाकली आणि पार लांब नेऊन ठेवली. मग हातात काठी घेऊन तो झाडाखाली राखणीला बसला. विद्यार्थी आले, त्यांना त्याने हुसकलं. प्राध्यापक आले, त्यांना हुसकलं. गोविलकरांच्या सौभाग्यवती डबा घेऊन आल्या, त्यांना मात्र त्याने डबा दोरीने वर पाठवू दिला. वर काही देऊ नये, असं साहेबांनी सांगितलं नव्हतं.

"अहो, यांना मधुमेह आहे!" बाई ओरडल्या.

"असू दे की. मी कुठे काढतोय?"

उन्हं कलता कलता वाघुळदे साहेब धावत आले, तेव्हा गोविलकर फांदीला मिठी मारून डुलकी घेत होते.

"मूर्खा! जिवंत माणूस आहे तो!"

"झाडावर आहे साहेब. तुम्हीच म्हणाला होता."

"अरे, माणूस उंचावर अडकलेला दिसला की विचारत बसायचं नाही. भीतीने त्याची वाचा बसलेली असते. पहिल्यांदा त्याला खाली आणायचं. दोर टाक, पाय धर, ओढ, काय वाटेल ते कर, पण खाली आण!"

"कळलं साहेब. आता चूक व्हायची नाही."

संध्याकाळी शेवंता मेसच्या दारात उभी होती. "डॉक्टर गोविलकर दिवसभर झाडावर होते म्हणे."

"मी राखले त्यांना."

"येड्या, आबांच्या कानावर गेलंय. ते म्हणाले, जावई नको पण राखण्या चांगला आहे." मग ती जरा हळू आवाजात म्हणाली, "हैबती, फार डोकं लावू नकोस रे. पाडवा जवळ आलाय."

"मी कुठे लावतो? साहेब सांगतात तेवढंच करतो."

"त्याचीच भीती वाटते," शेवंता म्हणाली.

महोत्सवासाठी तळ्याकाठी बांबूचा उंच मनोरा बांधला होता. पक्षी बघायचा. त्याचं उद्घाटन कुलसचिव डॉक्टर टेंभेकरांनी केलं. उद्घाटन झालं, फोटो झाले, सगळे चहाला गेले. टेंभेकरांना मात्र दुर्बिणीतून समोरच्या झाडावर हळद्या दिसला, पिवळाधमक. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कागद सोडून दुसरं काहीतरी बघावंसं वाटलं. ते श्वास रोखून तसेच उभे राहिले.

खालून हैबतीने पाहिलं. माणूस उंचावर. हलत नाही, बोलत नाही.

"साहेब, अडकलात का?"

टेंभेकरांनी न बघता ओठांवर बोट ठेवलं.

वाचा बसली, हैबतीने ओळखलं. त्याने खाली गवताची गंजी लोटली, दोराचा फास केला आणि वर फेकला. फास पहिल्याच फेकीत कुलसचिवांच्या पायात बसला. हैबतीची नेमबाजी उत्तम होती. त्याने जोर लावला. हळद्या एका बाजूला उडाला, कुलसचिव दुसऱ्या बाजूला.

गंजीतून आधी दुर्बीण बाहेर आली. मागोमाग टेंभेकर. त्यांच्या कानात गवत होतं.

"घाबरू नका साहेब," हैबती म्हणाला, "सुटलात."

टेंभेकर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. कुलसचिवांना इतकं चांगलं मराठी येतं हे तोवर कुणाला माहीत नव्हतं.

वाघुळदे साहेबांचा आवाज आता रडवेला झाला होता. "हैबती, माझ्या बाबा, मोठा माणूस शांत उभा असला की आपणही त्याच्याशेजारी शांत उभं राहायचं. हलायचं नाही, हूं की चूं करायचं नाही. आभाळ कोसळलं तरी नाही. ते स्वतः बोलतील तेव्हाच बोलायचं."

"कळलं साहेब. आता चूक व्हायची नाही."

महोत्सव दुसऱ्या दिवसावर आला. रोपवाटिकेत शेकडो रोपं काळ्या पिशव्यांतून मांडून ठेवली होती. आंबा, चिंच, आवळा, बहावा. प्रत्येक रोपावर ते लावणाऱ्या पाहुण्याच्या नावाची पाटी होती. झाडाचं नाव कुठेच नव्हतं. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर रोपं लावतात का, हा प्रश्न सभेत कुणी विचारला नव्हता, कारण पाहुण्यांची तारीख तीच मिळाली होती.

सकाळी कुलगुरू रोपवाटिकेत आले. त्यांनी अंगावर हिरवं उपरणं घेतलं होतं. रोज तासभर रोपांमध्ये डोळे मिटून मौन पाळायचं, असा त्यांनी त्या आठवड्यापुरता नेम केला होता. ते उभे राहिले. हैबती झारी खाली ठेवून त्यांच्या शेजारी उभा राहिला.

मंडपाचे ट्रक आत घ्यायला मागची भिंत पाडलेली होती. त्या भगदाडातून एक शेळी आली. तिने आवळा खाल्ला. तिला आवडला असावा, कारण ती जाऊन बाकीच्यांना घेऊन आली.

कळप शिस्तीत एका टोकाकडून सुरू झाला. आंबा संपला, चिंच संपली. करडं पिशव्यांवर नाचली. एका बोकडाने कुलगुरूंच्या उपरण्याचं टोक चघळायला घेतलं. कुलगुरूंना वाटलं वाऱ्याची झुळूक आली. ते गालातल्या गालात हसले. हैबतीला वाटलं, साहेबांना आवडतंय.

तासाभराने कुलगुरूंनी डोळे उघडले. समोर काळ्या पिशव्यांचं रान होतं. अंगावर उपरणं नव्हतं. बोकड रवंथ करत त्यांच्याकडे बघत होता.

"माळी!" कुलगुरू किंचाळले. "तू इथे काय करत होतास?"

"उभा होतो साहेब. तुमच्यासारखाच."

आता विद्यापीठात लावायला हिरवं असं एकच झाड उरलं होतं. ते कुलगुरूंच्या दालनात कोपऱ्यात होतं आणि ते प्लास्टिकचं होतं. शेळ्यांनी व्हरांड्यापर्यंत येऊन त्याचा वास घेतला होता आणि त्या परत गेल्या होत्या.

कुलगुरूंनी वाघुळदे साहेबांच्या समोरच हैबतीला धरलं. "ऐक. उद्या वृक्षमहर्षी भाऊसाहेब निंबोणे येणार आहेत. 'हरित विद्यापीठ' हा किताब द्यायचा की नाही, हे त्यांच्या हातात आहे. रोपं गेली ती गेली. आता आपल्याला जपायचंय ते भाऊसाहेबांना."

"जपतो साहेब. जपायचं कसं?"

वाघुळदे साहेबांचा संताप अजून शेळ्यांवरच होता. "अजून हे पण सांगायचं? माळी आहेस ना? खड्ड्यात उभं केलं की माती ओढायची, पायाने घट्ट दाबायची, पोटभर पाणी घालायचं. लगेच भोवती लोखंडी जाळी लावायची आणि जाळीला कुलूप! नवी पालवी फुटेपर्यंत कुणाच्या बापाने सांगितलं तरी उघडायचं नाही! एवढं केलं असतंस तर शेळ्यांनी खाल्लं असतं का?"

"नसतं खाल्लं साहेब."

"मग उद्या तरी लक्षात ठेव. उद्या शेवटची संधी आहे तुझी."

"कळलं साहेब," हैबती म्हणाला. "आता चूक व्हायची नाही."

महोत्सवाचा दिवस उजाडला. भाऊसाहेब निंबोणे आले. मोठा देह, पांढरे कपडे, कपाळाला टिळा. त्यांनी आजवर हजारो झाडं लावली होती. त्यातलं एखादं कुठे उभं आहे का, असं विचारणाऱ्या वार्ताहराला पुढच्या कार्यक्रमाचं बोलावणं येत नसे.

मुख्य इमारतीसमोर दोन खड्डे तयार होते. एक भाऊसाहेबांसाठी, एक कुलगुरूंसाठी. वाघुळदे साहेबांनी "चांगले खोल खण" म्हटलं होतं, म्हणून हैबतीने ते कमरेइतके खणले होते. पुढच्या खड्ड्यात प्लास्टिकचं झाड कुंडीसकट उभं केलं होतं.

"याला पाणी घालू?" हैबतीने विचारलं.

"याला काही करू नकोस," वाघुळदे साहेब कुजबुजले. "याला काही होत नसतं."

भाऊसाहेबांनी त्या झाडावर मूठभर माती टाकली. पानं चोळून पाहिली. "उत्तम जात आहे," म्हणाले.

टाळ्या झाल्या. डोक्यावर ड्रोन घोंगावू लागला. ध्वनिक्षेपकावरून सूचना आली, सगळ्यांनी वर बघून हात हलवावेत. सगळं विद्यापीठ आभाळाकडे तोंड करून हात हलवू लागलं. फोटोवाले ओरडत होते, "भाऊसाहेब, थोडं मागे! अजून थोडं! अजून एक पाऊल!"

भाऊसाहेब अजून एक पाऊल मागे गेले आणि दुसऱ्या खड्ड्यात उभे राहिले.

हैबती तयारच होता. त्याने भराभर माती ओढली. चारी बाजूंनी पायाने दाबली. दोन बादल्या पाणी घातलं. भाऊसाहेबांना आधी काही कळेना. मग त्यांना वाटलं, हा सत्काराचाच भाग असावा. सत्कार त्यांनी नाना तऱ्हांचे घेतले होते. त्यांनी हात जोडले आणि हसतमुखाने वर ड्रोनकडे पाहिलं. तेवढ्यात हैबतीने जाळीचे दोन्ही अर्धे भाग भोवती लावून कुलूप घातलं आणि किल्ली कमरेच्या करदोट्याला बांधली.

ड्रोन खाली उतरला. माना खाली आल्या. आणि सगळ्यांना खड्ड्यात लावलेले भाऊसाहेब दिसले.

"हैबती," वाघुळदे साहेब धावत पुढे आले, "काढ ती जाळी."

"नाही काढायची साहेब."

"मी सांगतोय!"

"कुणाच्या बापाने सांगितलं तरी नाही. तुम्हीच म्हणाला होता."

"कुलगुरू सांगतायत!"

"पालवी फुटू दे. लगेच काढतो."

मागे विद्यार्थ्यांनी शिट्ट्या सुरू केल्या. पळसावर दिवस काढलेले डॉक्टर गोविलकर टाचा उंचावून बघत होते आणि पहिल्यांदाच त्यांना बरं वाटत होतं. कुणीतरी म्हणालं, धरा त्या माळ्याला. पण हैबतीच्या हातात फावडं होतं आणि सगळे कॅमेरे चालू होते. कुलगुरू दात आवळून म्हणाले, "झटापट नको. बातमी होईल."

"माझे पाय बधिर झालेत!" जाळीतून भाऊसाहेब ओरडले.

"तसं होतं सुरुवातीला," हैबतीने धीर दिला. "जागा बदलली की थोडं कोमेजायला होतं."

आता वाघुळदे साहेबांना युक्ती सुचली. त्यांनी कुलगुरूंना बाजूला घेतलं. "साहेब, तो रोजंदारीवर आहे. पाच वाजले की रोजंदारी सुटते. किल्ली माझ्या टेबलावर ठेवून निमूटपणे घरी जाईल तो. त्याचा नियमच आहे. आत्ता चार वाजलेत. तासभर फक्त कळ काढा."

युक्ती चांगली होती. त्या महोत्सवात कुणी काढलेली ती एकमेव चांगली युक्ती. पण ती कुलसचिव टेंभेकरांना कुणी सांगितली नाही. टेंभेकर तोवर जाळीपाशी जाऊन भाऊसाहेबांच्या कानात म्हणाले होते, "गरीब माणूस आहे. वर्षानुवर्षं कायम व्हायचं म्हणतोय. तेवढं जाहीर करून टाका, पाया पडून सोडेल."

भाऊसाहेबांनी जाळीच्या गजांतून हात बाहेर काढला आणि ध्वनिक्षेपक मागून घेतला.

"हैबती! या क्षणापासून तुला विद्यापीठात कायम केलं आहे! कुलगुरू, बरोबर ना?"

कुलगुरूंनी वाघुळदे साहेबांकडे पाहिलं. वाघुळदे साहेब जोरजोरात नको नको अशी मान हलवत होते. पण चार हजार माणसं आणि सगळे कॅमेरे कुलगुरूंकडे बघत होते.

"बरोबर," कुलगुरू म्हणाले. "कायम."

मंडप टाळ्यांनी दणाणला. हैबतीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने फावडं टाकलं आणि भाऊसाहेबांचे पाय मातीखाली होते म्हणून गजांतून हात घालून वरच्या मातीलाच नमस्कार केला.

"आता सोड रे बाबा," भाऊसाहेब म्हणाले.

"आता कसा सोडू साहेब?" हैबती गहिवरून म्हणाला. "रोजंदारीवर होतो म्हणून पाचला घरी निघणार होतो. जीवाला घोर लागला होता, मागे तुमचं कोण बघणार? आता ती चिंताच मिटली. आता इथून हलत नाही."

आणि त्याने आणखी एक बादली पाणी घातलं.

गर्दीतून वाट काढत शेवंता आली. तिने जाळी पाहिली, भाऊसाहेब पाहिले, हैबती पाहिला.

"कायम झालास?"

"झालो."

"नक्की?"

"चार हजार माणसांसमोर. आबांना सांग."

"उद्या साखरपुडा आहे मग. येशील ना?"

"यांना पालवी फुटली की येतो."

शेवंताने कपाळाला हात लावला. पण ती हसत होती. ती मेसमध्ये गेली आणि दोन डबे घेऊन परत आली. "एक तुला, एक पाहुण्यांना. सकाळपासून उपाशी असतील."

भाऊसाहेबांनी आशेने गजांतून दोन्ही हात पुढे केले.

हैबतीने एक डबा घेतला आणि दुसरा शेवंताच्या हातात परत दिला.

"त्यांना नको," तो म्हणाला. "नवीन लावलेल्याला लगेच खत घालत नाहीत. मुळं धरेपर्यंत नुसतं पाणी."